पस्तीस गुणांचे सुरवसे सर

आमच्या शाळेच्या कमानीवर भलंमोठं नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. नोकरीच्या पहिल्या दिवशी जामखेडच्या स्टँडवर उतरून मी वडापच्या जीपवाल्याला शाळेचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजी सुरवसे सरांची शाळा ना? बसा, खर्ड्याच्या अलीकडं सोडतो." मला वाटलं, सुरवसे सर म्हणजे मुख्याध्यापक असतील, नाहीतर संस्थाचालकांचे मेहुणे तरी. निघाले गणिताचे शिक्षक.

बुटकी मूर्ती, पोट जरासं पुढं आणि शर्टाचा खिसा कायम पांढरा. खडूचे उरलेले तुकडे ते त्या खिशात टाकायचे आणि ते संपेपर्यंत नवा खडू हातात धरायचे नाहीत. पँटच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की सर खिशात हात घालून मूठभर दाणे काढून द्यायचे. गडबडीत कधीकधी चुकीच्या खिशात हात जायचा आणि पोराच्या हातावर खडूचा चुरा यायचा. पोरं तोही घ्यायची आणि "थँक्यू सर" म्हणायची.

मी नगरची, शहरात वाढलेली, मराठी शिकवायला आलेली. मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, कविता कितीबी शिकवा, पण तास येळेवर सोडा. तुमच्या कवितेला माझी भूमिती बळी जायला नको." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "तुमच्या भूमितीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंय का कधी?" तर म्हणाले, "रोज येतं की. या माझ्या तासाला."

खर्ड्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे एक तमाशाच असायचा. रस्त्यानं निम्मं जग त्यांचे विद्यार्थी. पण कुणालाही ते नावानं हाक मारायचे नाहीत. शाळेत असताना ज्याला जे गणित यायचं नाही, ते त्याचं नाव. कांदे विकायला बसलेल्या मिशाळ माणसाला विचारायचे, "काय लसावि, कसा दिला कांदा?" बंदोबस्तावरच्या पोलिसाला, "अपूर्णांक, बदली झाली म्हनं तुझी?" एक बाई मुलाला कडेवर घेऊन चालली होती, तिला म्हणाले, "ए वर्तुळ, पोराला टोपरं घाल की गं, ऊन किती!" आणि ही माणसं चिडायच्याऐवजी खुलायची. मी विचारलं, "सर, यांची खरी नावं तरी ठाऊक आहेत का तुम्हाला?" म्हणाले, "नावं बदलत्यात, मॅडम. पोरींची तर लग्नात बदलत्यात. कुणाला काय येत नव्हतं, ते मात्र बदलत न्हाई."

त्यांचा खरा नावलौकिक होता दहावीच्या निकालाचा. आमचा भाग कोरडा. दसरा-दिवाळी झाली की ट्रक येऊन उभे राहायचे आणि निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, कुणी राहुरीच्या बाजूला, कुणी पार कर्नाटकात. आईबापांबरोबर पोरंही जायची. दिवाळीनंतर माझ्या वर्गातले मागचे बाक रिकामे पडायचे आणि परीक्षेच्या तोंडावर ही पोरं परत उगवायची, हातांना उसाच्या पात्यांनी चिरे पडलेले, पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुलगी दहावीत नापास झाली की तिचं लग्न ठरायचं, म्हणजे आणखी एक कोयता तयार. पास झाली तर निदान पुढं काहीतरी बोलता यायचं. म्हणून आमच्याकडे पस्तीस हा आकडा नव्हता, तो उंबरठा होता, आणि पोरांना तो ओलांडून देणारा माणूस म्हणजे सुरवसे सर.

त्यांनी त्याची एक पद्धतच बसवली होती. पोरं तिला 'सरांची पायवाट' म्हणायची. नेमकी कुठली गणितं येणार, कुठल्या आकृत्या पाठ करायच्या, हे सगळं ठरलेलं. "कळलं न्हाई तरी सूत्र लिहायचं. सूत्राला अर्धा मार्क हाय." "दिलेली माहिती परत लिहायची आन् खाली रेघ मारायची. तपासणारा काय तुमचा मामा न्हाई, पण त्योबी माणूस हाय. रेघ बघून त्याला बरं वाटतं." "कोरं पान ठेवलं तर मी समजेन तुमी वारलात." आणि सगळ्यांत मोठा नियम असा की शेवटच्या अवघड प्रश्नाकडे ढुंकूनही बघायचं नाही. तो शहरातल्या पोरांसाठी असतो. अर्धं वर्ष बुडालेली पोरं या पायवाटेनं महिनाभरात पलीकडे जायची. एका मुलीनं तर मला निरागसपणे सांगितलं होतं, "बाई, मला गणित येत न्हाई, पन मी पास हुते."

एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, हे गणित नाही. ही नुसती युक्ती आहे."

ते शेंगदाणे सोलता सोलता थांबले. "युक्तीच हाय, मॅडम. बुडणाऱ्याला आधी पवायचं शास्त्र सांगायचं, का केसाला धरून वर ओढायचं? सांगा तुमी."

मी वह्यांचा गठ्ठा उचलून तासाला निघाले.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दहावीच्या वर्गात रोहिणी नावाची मुलगी होती. किडकिडीत, केसांना घट्ट तेल, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. पाचवीपासून दरवर्षी अर्धं वर्ष तोडीला गेलेली. दसरा झाल्यावर तिचा बाप, अंकुश, तिला घेऊन जातो म्हणून सांगायला शाळेत आला. सर व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, "अंकुश, ह्या साली पोरीला हितं ठेव. तिची चुलती हाय की गावात."

"सर, धाकटं पोरगं फडात कुनी संभाळायचं? आन् शिकून करायचं काय? लग्नाची एक जागा चालून आलीय. पोरगं कामाचं हाय."

"अरे, पंधरा वर्साची हाय ती! पास झाली तर तिला फुडं शिकवायचं. न्हाई झाली तर मी मधी पडनार न्हाई. कबूल?"

अंकुशनं पायातली चप्पल उगाच जमिनीवर घासली. "पास हुईल याची खातरी काय?"

"माझा शब्द हाय."

अंकुशनं हात जोडले आणि पोरीला चुलतीकडं ठेवून तो तोडीला निघून गेला. सुरवसे सरांचा शब्द आमच्या पंचक्रोशीत खाली पडलेला कुणाला आठवत नव्हता. मलाही त्यात काळजीसारखं काही वाटलं नाही. रोहिणीला पायवाटेवर उभं केलं की झालं.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आंतरराष्ट्रीय चाचणी आली.

जिल्ह्याहून एक साहेब गाडीतून आले. त्यांनी सांगितलं, जगभरातल्या देशांतली पंधरा वर्षांची मुलं ही परीक्षा देतात, वाचन, गणित, विज्ञान. त्यासाठी काही शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या आहेत, त्यात आपली आली. कुठल्या मुलांनी बसायचं तेही कॉम्प्युटर ठरवणार, हुशार मुलं पुढं करायची नाहीत. सर म्हणाले, "पास-नापास कितीला?"

"यात पास-नापास नसतं, सर. मुलं विचार कशी करतात ते बघतात."

"पास-नापास न्हाई, मग परीक्षा कसली?" सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. पण साहेबांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "तुमची कीर्ती ऐकून आहे. इथंही तुमची जादू दाखवा." कॉम्प्युटरनं काढलेल्या नावांत रोहिणीचं नाव होतं.

आधी सरावाचे पेपर आले. वाचनाचा भाग मी तपासत होते, गणिताचा सर. शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसलो होतो. थोड्या वेळानं सर हसायला लागले. मला पेपर दाखवला. प्रश्न असा होता: एका गावाच्या टाकीतल्या पाण्याचा आलेख दिलाय. सकाळपासून पाणी उतरत जातं, दुपारी थोडं वर चढतं आणि पुन्हा उतरतं. दुपारी काय झालं असेल आणि तुम्हाला असं का वाटतं, ते लिहा. एवढंच. पोरानं उत्तरात टाकीच्या घनफळाचं सूत्र लिहिलं होतं. खाली सुबक टाकी काढलेली. खाली रेघ. आणि शेवटी लिहिलेलं, 'म्हणून सिद्ध झाले.'

मीही हसले. मग सरांनी दुसरा पेपर उचलला. त्यातही सूत्र, टाकी, रेघ. तिसऱ्यात तेच. वर्गात पहिल्या येणाऱ्या पोराच्या पेपरातही तेच, फक्त टाकी कंपासनं काढलेली. सरांचं हसू कुठल्या पेपराला थांबलं ते मला कळलं नाही. सगळे पेपर संपल्यावर ते गठ्ठ्यावर हात ठेवून बसून राहिले. आमचं गाव टँकरवर जगणारं. उन्हाळ्यात टाकीत किती पाणी आहे हे आमची पोरं बाहेरून टाकीवर थाप मारून सांगतात.

दुसऱ्या दिवशी ते तडक वर्गात गेले. माझा तास मोकळा होता, मी मागं जाऊन बसले.

"टाकीतलं पाणी दुपारी वाढलं. काय झालं असंल?"

एकानं विचारलं, "सर, सूत्र कुठलं घ्यायचं?"

"सूत्र ऱ्हाऊ दे. आपल्या टाकीत पाणी कधी वाढतं?"

"टँकर आल्यावर."

"मग लिहिलं का न्हाई तसं?"

पोरगं गोंधळलं. म्हणालं, "सर, ते गनितात लिहायचं असतं व्हय?"

सरांच्या तोंडावरचा रंग उतरला. ते काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरून बारीक आवाज आला. रोहिणीचा. तिचा आवाज मी वर्गात पहिल्यांदाच ऐकत होते.

"सर, पन टँकर न्हाई आला."

"का गं?"

"टँकरनं पानी एकदम वाढतं. रेघ सरळ वर जायला पायजे. ही तर हळूहळू चढलीय. कुनीतरी बोरची मोटर चालू केली असंल, बारीक धारंची. आन् लोकंबी पानी भरतच असतील, म्हनून लई न्हाई चढली."

सर तिच्या बाकापाशी गेले. मग खिशात हात घालून सगळेच्या सगळे शेंगदाणे तिच्या बाकावर ओतले. तास संपल्यावर व्हरांड्यात मला म्हणाले, "मॅडम, तीन वर्सं ही पोरगी माझ्या वर्गात बसलीय. ह्यांना सगळं कळतं. मीच ह्यांना शिकवलं, घरचं डोकं घरी ठेवून शाळंला या."

त्या दिवसापासून सुरवसे सर बदलले. माणूस निवृत्तीला टेकल्यावर असा बदलतो, हे मी आधी पाहिलं नव्हतं. जामखेडच्या स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून आणायचे आणि पोरांना विचारायचे, कुठली गाडी पकडली तर पुण्याला अंधार पडायच्या आत पोचाल? खताचं रिकामं पोतं, खोकल्याच्या औषधाची बाटली, क्रिकेटचा धावफलक, काय वाट्टेल ते वर्गात आणायचे. कधी स्वतःच अडकायचे आणि डोकं खाजवत म्हणायचे, "थांबा, मलाबी कळंना झालंय." वर्ग खदखदून हसायचा. त्यांच्या तासाला हसण्याचा आवाज येतो म्हणून मुख्याध्यापक दोनदा डोकावून गेले. मी चिडवायचे, "सर, या वयात प्रेमात पडलात की काय?" तर लाजायचे.

रोहिणी तर बंद पडलेल्या मोटरीला अचानक लाईट यावी तशी सुरू झाली होती. सरांना ती वाटेत अडवायची, जेवणाच्या सुट्टीत येऊन उभी राहायची. प्रत्येक गणिताची ती स्वतःची रीत काढायची. कधी वेडीवाकडी, कधी अशी की सर मला बोलावून फळा दाखवायचे. मला त्यातलं काडीचं कळायचं नाही, पण सरांचा चेहरा कळायचा.

एकदा मी विचारलं, "दहावीच्या तयारीचं काय? बाकीच्यांची पायवाट झाली, रोहिणीची कधी घेणार?"

"तिला कशाला ती? जिला हे येतं, तिला ते काय अवघड हाय? ती पायवाट लंगड्यांसाठी काढलेली. हिला पळू द्या."

माझ्या मनात काहीतरी खुपलं, पण गणितातलं मला काय कळतं, म्हणून मी गप्प बसले.

चाचणीचा दिवस झकास गेला. बाहेरचे लोक आले, लॅपटॉप मांडले, वीज जाईल म्हणून जनरेटर आणला. पोरं बाहेर आली. सरांनी रोहिणीला विचारलं, "कसा गेला?"

"मजा आली, सर."

सर संध्याकाळपर्यंत शाळेत भेटेल त्याला सांगत होते, "अख्ख्या नोकरीत गणिताच्या पेपरावरनं येऊन कुणी मजा आली म्हनलं न्हवतं."

मार्चात बोर्डाची परीक्षा. केंद्र खर्ड्याला. भूमितीच्या पेपरला मी आणि सर बाहेर लिंबाखाली थांबलो होतो. आजूबाजूला पालकांची गर्दी, कुणी भिंतीवरून चिठ्ठी टाकायच्या खटपटीत, पोलीस त्यांच्यामागे. घंटा झाली, पोरं बाहेर आली. आमच्या वर्गातल्या पोरांनी बोटांवर मोजून सांगितलं, "एवढे तर पडत्यातच, सर." रोहिणी सगळ्यांत शेवटी आली. पळत आली. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, पेपर फार सोपा होता.

"सर, शेवटचा प्रश्न सुटला! लई अवघड हुता. दोन रीतींनी सुटला, सर! दुसरी रीत तर मला मधीच सुचली."

सरांचा चेहरा फुलला आणि लगेच त्यावर सावली आली. "आन् बाकीचं?"

"बाकीचं ऱ्हायलं की. येळ संपला."

"रचना?"

"ऱ्हायली."

"प्रमेय? जोड्या? रिकाम्या जागा?"

तिनं मान हलवली. अजून तिला काही कळलं नव्हतं. "ते काय, सोपं हुतं, सर. ते मला येतच हुतं. म्हनून म्हनलं, मागनं करू."

सरांनी पाण्याची बाटली तिच्यापुढं केली, "पाणी पी." ती घटाघटा पाणी प्यायली आणि दुसरी रीत समजावून सांगायला लागली. सर "हां, हां" म्हणत ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. बीजगणिताच्या पेपरातही तिनं थोडंफार असंच केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. रीत मनातल्या मनात करून नुसतं उत्तर लिहून ठेवलेलं, आणि तपासणाऱ्याला तर पायऱ्या लागतात. शाळेच्या हातातले गुणही सर खिरापतीसारखे वाटत नसत. जेवढं काम तेवढे गुण, हा त्यांचा बाणा. तो बाणा त्यांनी तिच्यासाठीही मोडला नव्हता, कारण मोडायची गरज पडेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

निकाल लागला. बाकी सगळी पायवाटेनं पार झाली. रोहिणी गणितात थोडक्यात गेली.

सरांनी शाळेतूनच जिल्ह्याच्या त्या साहेबांना फोन लावला. मी शेजारीच होते. "साहेब, त्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत आमच्या रोहिणीला किती पडले?"

साहेब चांगले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की त्या चाचणीत एकेका मुलाचा निकाल कधीच देत नाहीत. सगळ्यांचं एकत्र करून देशाचं काय ते कळतं, तेही पुढं कधीतरी.

"एखादा कागद, दाखला? पोरीनं चांगलं केलं एवढं तरी?"

"नाही हो, सर. असं काही नसतं."

"बरं." सर म्हणाले. "मग तिच्या बापाकडं मी काय घेऊन जाऊ, साहेब? देशाचा नंबर?"

आम्ही दोघं अंकुशच्या घरी गेलो. तोड संपवून तो गावात आला होता. त्यानं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्यानं आम्हाला सतरंजीवर बसवलं, चहा दिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, तुमी शब्द दिल्ता."

"दिल्ता," सर म्हणाले. "चूक माझी हाय, पोरीची न्हाई. फेरपरीक्षा हाय पावसाळ्यात. तेवढं थांब."

"तुमी म्हनला हुता, नापास झाली तर मधी पडनार न्हाई."

"पडतोय. पाया पडतो तुझ्या."

आणि सर खरोखरच वाकायला लागले. अंकुश घाबरून उठला, त्यानं त्यांचे हात धरले. दारात उभी असलेली रोहिणी आत पळून गेली. मला राग आला होता, कायद्याचं बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण सरांनी मला हातानंच थांबवलं. परत येताना म्हणाले, "कायद्यानं लगीन थांबंल, मॅडम. कोयता न्हाई थांबायचा. पोरगी पास झाली पायजे." फेरपरीक्षेच्या निकालापर्यंत अंकुशनं मुदत दिली होती.

ती पास झाली, हे सांगूनच टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. जेमतेम झाली, पण झाली. अंकुशनं शब्द पाळला. लग्न मोडलं आणि रोहिणी जामखेडला अकरावीला गेली. तिनं कला शाखा घेतली. सरांनी विचारलं, तर म्हणाली, "गनित नको वाटतं, सर." मला वाटतं, त्या वाक्यानं सरांना जेवढं लागलं तेवढं नापास झाल्याच्या बातमीनंही लागलं नसेल. दिवाळीआधी सर निवृत्त झाले आणि मी बदली घेऊन राहुरीला आले. आता या शाळेतही अधूनमधून कुठल्या ना कुठल्या चाचणीचं परिपत्रक येतं, मुलं विचार कशी करतात ते बघायचंय म्हणून. ते वाचताना माझं मन लागत नाही.

सरांचं जे रूप माझ्या डोळ्यांपुढं राहिलंय ते फेरपरीक्षेच्या आधीचं. शाळा सुटली होती. बाहेर भुरभुर पाऊस होता. कोपऱ्यातल्या वर्गात रोहिणी एकटी बाकावर बसलेली आणि सर तिच्याकडून तीच ती आकृती पुन्हा पुन्हा काढून घेत होते. वर्तुळ, बाहेर एक बिंदू, त्या बिंदूतून वर्तुळाला नुसत्या टेकून जाणाऱ्या दोन रेघा. मी छत्री घ्यायला आले होते, खिडकीशी थांबले.

रोहिणीनं पेन्सिल थांबवली. "सर, दोनच रेघा का निघत्यात? तिसरी का निघत न्हाई?"

सरांची मान झटकन वर आली. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे फळा भरून टाकणार. ते फळ्याकडे वळलेसुद्धा. मग तिथंच थांबले. हात खाली आला.

"ते पास झाल्यावर सांगतो, बाळ. आत्ता फकस्त पायऱ्या लिही. खाली रेघ मार."

रोहिणीनं मान डोलावली आणि लिहायला घेतलं. एक आकृती, खाली रेघ. दुसरी आकृती, खाली रेघ. सर तिच्या बाकाजवळ येऊन उभे राहिले. आणखी एकदा तिनं काहीतरी विचारावं म्हणून ते थांबले होते, हे मला खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. ती लिहीत राहिली.